स्ट्रायकर कुठून आणायचा?

चौदाव्या मिनिटाला लालियनझुआला छांगतेने लांबून हाणलेला चेंडू सिंगापूरच्या जाळ्यात घुसला, तेव्हा मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारताचं गणित जुळतंय असं वाटलं. 14 ऑक्टोबर 2025चा हा सामना जिंकला तरच 2027च्या आशिया कपची आशा उरणार होती. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या सोंग उइ-यंगने बरोबरी साधली, उत्तरार्धात त्यानेच दुसरा गोल मारला आणि विषय संपला. पात्रता गटातले बांगलादेश, हाँगकाँग, सिंगापूर हे तिन्ही संघ क्रमवारीत भारताच्या खाली. त्यांच्याविरुद्ध भारताची कमाई चार सामन्यांत दोन गोल आणि दोन गुण! पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशाने भारताला 1-0 असं हरवलं, तेही 22 वर्षांनी.

असं काही घडलं की चाहत्यांची पहिली मागणी ठरलेली असते : कोच हाकला. ती मागणी बऱ्याचदा मान्यही होते. जून 2024मध्ये इगोर स्टिमाच गेले. त्यांच्या जागी आलेले मानोलो मार्केझ सुरुवातीला एफसी गोवाचेही कोच होते. राष्ट्रीय संघाला पूर्ण वेळ कोच का मिळू नये, हा चाहत्याचा सवाल त्या वर्षी अगदी रास्त होता. वर्षभरात मार्केझही गेले. ऑगस्ट 2025मध्ये खालिद जमील आले. मुंबईच्या मैदानांवर खेळलेला, ऐझॉलसारख्या लहान क्लबला 2017 साली आय-लीग जिंकून देणारा माणूस. महिन्याभरात मध्य आशियाई संघटनेच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून भारत तिसरा आला. त्यानंतर फातोर्डा. म्हणजे माणूस बदलल्याने महिनाभर फरक पडतो, खोड काही जात नाही.

खोड गोलपाशी आहे. 2023चा आशिया कप प्रत्यक्षात जानेवारी 2024मध्ये कतारमध्ये झाला. भारताने तिथे तीन सामने खेळले, तिन्ही हरले आणि एकही गोल केला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये स्ट्रायकर सुनील छेत्री निवृत्त झाला आणि मार्च 2025मध्ये चाळिशीत त्याला परत बोलवावं लागलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध परतल्या परतल्या त्याने गोलही केला! चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मनात पाल चुकचुकलीच. त्याच मोसमात इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण? पुन्हा छेत्रीच, 14 गोल. आयएसएलचा गोल्डन बूट आजवर एकाही भारतीयाला मिळालेला नाही.

कारण साधं आहे. क्लबला सामना जिंकायचा असतो, म्हणून तो गोल मारण्याची जागा परदेशी खेळाडूला देतो. भारतीय पोरगा विंगवर जातो, नाहीतर बाकावर बसतो. वर्षभर जो पेनल्टी बॉक्समध्ये उभाच राहिला नाही, त्याने निळी जर्सी घातल्याबरोबर तिथे अचूक पाय लावावा, ही अपेक्षा कोचकडून कशी पुरी व्हायची? क्लबचं यात काही चुकतं असंही नाही. भारतीय स्ट्रायकरला मिनिटं मिळतील असा नियम करणं हे भारतीय फुटबॉल महासंघाचं काम.

त्यात खेळायला सामनेही हवेत. 2025मध्ये व्यावसायिक हक्कांच्या वादात आयएसएल सप्टेंबरमध्ये सुरूच झाली नाही. नव्या हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही आणि लीग उघडायला फेब्रुवारी 2026 उजाडला. त्याआधी 2022मध्ये इंडियन ॲरोज हा तरुणांचा संघ बंद झाला. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातली पोरं याच संघातून आय-लीग खेळली होती. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यांतलाच.

कोल्हापूरचं नाव निघालं म्हणून सांगायचं, प्रेक्षक नाहीत ही सबब इथे चालत नाही. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियम भरतं. मुंबईतही 2018मध्ये चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्याला जेमतेम अडीच हजार लोक आले, छेत्रीने मैदानात या म्हणून व्हिडिओवरून हात जोडले आणि केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची तिकिटं संपली. लोकांनी आपलं काम केलं.

खेळाडू मिळवायचा जवळचा रस्ताही सापडलाय. पर्थमध्ये जन्मलेल्या, मुंबईत आजोळ असलेल्या फुटबॉलपटू रायन विल्यम्सने 2025मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. स्वागतच आहे. पण दुहेरी नागरिकत्व नसलेल्या देशात असे किती जण येणार?

उझबेकिस्तानचा रस्ता लांबचा. त्यांच्या पोरांनी 2023मध्ये वीस वर्षांखालील, 2025मध्ये सतरा वर्षांखालील आशियाई विजेतेपद मिळवलं आणि मधल्या काळात संघ पॅरिस ऑलिंपिकला गेला. जून 2025मध्ये त्यांच्या मोठ्या संघाने पहिल्यांदाच विश्वचषकाची पात्रता मिळवली. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये 1956 साली ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईचा गोवेकर होता, हे अभिमानाने सांगणाऱ्या आपल्याला हे अवघड वाटू नये.

महासंघाकडे 'व्हिजन 2047' आहे. त्या साली आशियातल्या पहिल्या चारांत यायचं स्वप्न त्यात आहे. चाहत्याची मागणी त्यामानाने फार छोटी आहे. दर हंगामाअखेर प्रत्येक राज्य संघटनेने जाहीर करावं : आपल्याकडे पंधरा वर्षांखालचा मुलगा वर्षात किती सामने खेळला? पुढचा कोच नेमायच्या आधी हा आकडा मागा.