सिकलसेल रक्ताचा आजार, मग तापाला एवढं का घाबरायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतेय. जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगवाल्यांची एक तक्रार कायम असते. जेनेटिक्स वेगळं पाठ करायचं, इम्युनिटी वेगळी, आणि वॉर्डात दोन्हीचा पत्ता नाही. म्हणून आज एकच आजार घेऊ, सिकलसेल. गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटात पोस्टिंग मिळालं तर तो तुम्हाला भेटणारच.

आधी जनुक. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक असतं. त्यात एकच अक्षर बदलतं आणि साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येऊन बसतं. बदल एवढाच. पण ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. साधी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20. म्हणून ॲनिमिया. बारीक रक्तवाहिन्यांत ती अडकते, म्हणून वेदना.

आई-बाबा दोघेही वाहक, म्हणजे एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. ‘प्रत्येक’ या शब्दाखाली रेघ मारा. पहिलं बाळ आजारी म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असं नसतं. आणि सासूबाई ‘सुनेनं आजार आणला’ म्हणाल्या, तर शांतपणे सांगा, एसएस बाळाला एक जनुक आईकडून येतं आणि एक बाबांकडून. समुपदेशनातलं हे वाक्य कधीकधी औषधाइतकंच काम करतं.

आता खरा मुद्दा. प्लीहा, गावाकडे जिला पाणथरी म्हणतात, ती रक्ताची गाळणी आहे. न्यूमोकोकससारख्या काही जिवाणूंभोवती जाड आवरण असतं. ते पांढऱ्या पेशींना सहजी सापडत नाहीत. रक्तातून त्यांना पकडण्याचं मोठं काम प्लीहेतल्या पेशी करतात, त्यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी पटकन बनवायलाही प्लीहा लागते. वाकड्या पेशी नेमक्या तिथेच अडकतात, रक्तपुरवठा तुटतो आणि लहान वयातच गाळणी निकामी होत जाते. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी भरपूर दिसतील, पण संरक्षणाची एक भिंतच पडलेली असते. जनुकातल्या एका अक्षराची चूक अशी इम्युनिटीपर्यंत पोचते.

आपल्याकडच्या बऱ्याच मुलांत प्लीहा आक्रसत नाही, मोठीच राहते, पोटावर हाताला लागते. पण मोठी आहे म्हणजे काम करतेय, असं समजू नका.

म्हणून सिकलसेलच्या मुलाला 101 च्या वर ताप आला की ती इमर्जन्सी. ‘व्हायरल असेल, पॅरासिटामॉल द्या, उद्या या’ हे इथे चालत नाही, कारण संसर्ग काही तासांत रक्तभर पसरून मूल दगावू शकतं. डॉक्टरांना लगेच कळवा, ब्लड कल्चर घ्या, पण रिपोर्टसाठी अँटिबायोटिक थांबवायचं नाही. श्वास, ऑक्सिजन, शुद्ध बघत राहा. मूल अचानक पांढरंफटक पडलं आणि पोट फुगलं, तर प्लीहेत रक्त साठतंय का ते बघायला सांगा. यातही वेळ फार थोडा असतो.

तपासणीचं थोडक्यात. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. एएस की एसएस हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, त्यामुळे सोल्युबिलिटी टेस्टवर विसंबायचं नाही. लक्षणंही साधारण त्यानंतरच दिसू लागतात. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. शिबिरात ड्यूटी लागली तर कार्डावरचे एएस, एसएस नीट वाचून समजावा. एएस म्हणजे पेशंट नव्हे.

डिस्चार्जच्या वेळी आईला काय सांगाल? लहानपणी रोजचं पेनिसिलिन चुकवायचं नाही. न्यूमोकोकल लस नियमित लसीकरणात आहे, ती पूर्ण करायची. पाणी भरपूर पाजायचं, थंडीत उबदार ठेवायचं. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिलं असेल तर मनानं बंद करायचं नाही. पोटाच्या डाव्या बाजूला, बरगडीखाली प्लीहा कशी चाचपायची, हे तिचाच हात धरून दाखवा. आणि घरात थर्मामीटर आहे का, तेही विचारा.