घी जाऊन अभ्यास का!

मुलांनो, वरचं शीर्षक वाचून तुम्ही म्हणाल, बाईंचं काहीतरी चुकलंय. नाहीतर छापखान्यात गडबड झाली. तसं काही नाही. मला लिहायचं होतं, 'घरी जाऊन अभ्यास करा.' पण समजा, माझ्या संगणकाच्या कीबोर्डवरचं 'र' हे बटणच चालेनासं झालं, तर काय उमटेल? 'घी जाऊन अभ्यास का!'

हसू आलं ना? मलाही आलं. पण असे प्रकार जगातल्या एका फार मोठ्या कंपनीच्या, लाखभर रुपयांहून महाग लॅपटॉपवर खरोखरच घडत होते. आणि गंमत म्हणा की दुःख म्हणा, ते पुरतं थांबायला तब्बल पाच वर्षं लागली! आज त्याचीच गोष्ट सांगते. पण त्याआधी माझ्या धाकट्या भावाची छोटीशी गोष्ट.

'ताई, थोडं थांबतो'

माझा भाऊ लग्नाच्या व्हिडिओंचं संकलन करतो. आठ-आठ तासांचं चित्रण कापून, जोडून, त्यावर संगीत चढवून तासाभराची सुंदर फिल्म बनवतो. त्याचा लॅपटॉप जुना झाला होता. पंखा घरघरायचा, एवढंसं दृश्य बदललं की स्वारी पाच मिनिटं गप्प.

मी म्हणाले, "अरे, नवा घे की!"

तो म्हणाला, "ताई, थोडं थांबतो. नवीन आराखड्याचा येणार आहे म्हणतात. आज घेतला आणि महिन्याभरात नवा आला तर?"

महिना गेला. दिवाळी गेली. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली. नवा लॅपटॉप काही आला नाही. कंपनीही काही बोलेना. शेवटी त्यानं मित्राचा लॅपटॉप भाड्यानं आणून हंगाम काढला. तरी दोन कामं हातची गेलीच. घरी आला की चिडचिड. आईनं वाढलेल्या भाकरीवरही चिडचिड!

मला त्या वेळी वाटायचं, एका यंत्रासाठी एवढं काय? मग लक्षात आलं. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, तसा हा लॅपटॉप. ज्यावर घर चालतं, ते हत्यार. आपला कंपास मोडला तर शेजारच्या मुलाचा घेता येतो. सुताराचा रंधा बोथट झाला तर त्याची चूल अडते.

पातळ, आणखी पातळ

आता मोठी गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात क्युपर्टिनो नावाचं गाव आहे. तिथं अॅपल कंपनीचं मुख्यालय आहे. या कंपनीनं २००६ साली 'मॅकबुक प्रो' नावाचा लॅपटॉप आणला. त्यातलं 'प्रो' म्हणजे प्रोफेशनल. छायाचित्रकार, संगीतकार, संकलक, प्रोग्राम लिहिणारे अशा व्यावसायिकांसाठी. लोकांना तो आवडला.

२०१२ मध्ये त्याचा आराखडा बदलला आणि मग चार वर्षं तोच राहिला. लोक वाट बघून कंटाळले. ऑक्टोबर २०१६ मध्ये एकदाचा नवा मॅकबुक प्रो आला. मोठ्या लॅपटॉपची जाडी १८ मिलिमीटरवरून १५.५ मिलिमीटर झाली. दिसायला अगदी देखणा!

पण व्यावसायिक मंडळींनी तो हातात घेतला आणि डोक्याला हात लावला. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड घालायची खाच गायब. पडद्याला किंवा टीव्हीला जोडायची एचडीएमआयची जागा गायब. नेहमीचा पेनड्राइव्ह लागेना. पायात अडकली तर अलगद सुटून येणारी चुंबकाची चार्जिंगची वायर होती, तीही गेली. सगळ्यासाठी एकाच प्रकारची छोटी भोकं, आणि जुन्या वस्तू जोडायच्या तर वेगळे जोड विकत घ्या!

म्हणजे कसं झालं बघा. बाबांनी सुरेख, हलकं नवीन दप्तर आणलं. पण त्यात डबा मावत नाही, पाण्याची बाटली मावत नाही. मग दप्तर पाठीला आणि डबा-बाटली हातात! असं दप्तर हलकं म्हणायचं का?

७५ अंशांचा कोन

याहून मोठं दुखणं कीबोर्डचं होतं. साधारणपणे लॅपटॉपच्या बटणाखाली कात्रीसारख्या एकमेकींवर आडव्या दोन पट्ट्या असतात. बटण दाबलं की त्या मिटतात, सोडलं की उघडतात. लॅपटॉप पातळ करायचा म्हणून अॅपलनं २०१५ मध्ये एका छोट्या लॅपटॉपमध्ये नवी युक्ती आणली. फुलपाखराच्या पंखांसारखी उघडमीट करणारी पट्टी. नावही 'बटरफ्लाय'. दाबल्यावर बटण जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जायचं. २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्येही तीच युक्ती वापरली.

पण एवढ्या चिंचोळ्या जागेत धुळीचा एखादा कण गेला की संपलं! कधी बटण दाबूनही अक्षर उमटायचं नाही, तर कधी एकदा दाबलं की दोनदा उमटायचं. कंपनीनं उपाय काय सांगितला असेल? लॅपटॉप ७५ अंशांच्या कोनात तिरका धरा आणि डब्यातल्या दाबलेल्या हवेचा फवारा बटणांवर मारा. मग लॅपटॉप फिरवा आणि पुन्हा मारा. मुलांनो, कोनमापक कामाला येतो तो असा!

त्यातून कीबोर्ड बिघडलाच, तर एक बटण बदलून भागायचं नाही. कीबोर्ड आणि बॅटरी एकाच वरच्या भागाला जोडलेले, म्हणून तो सगळाच भाग बदलावा लागे. एक खिळा निघाला म्हणून आख्खा दरवाजा बदलण्यासारखं झालं.

लोक वैतागले. मे २०१८ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी कोर्टात दावा लावला. जून २०१८ मध्ये कंपनीनं खरेदीपासून चार वर्षांपर्यंत अशा कीबोर्डची दुरुस्ती फुकट करून देण्याची योजना जाहीर केली. मग बटणांखाली रबरासारखा पातळ पडदा घातला. पुढच्या वर्षी आतला पदार्थ बदलला. ठिगळावर ठिगळ! मार्च २०१९ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वर्तमानपत्राच्या जोआना स्टर्न या पत्रकार बाईंनी तर इंग्रजीतली 'ई' आणि 'आर' ही अक्षरं गाळूनच लेख लिहिला. वाचकांना कळावं, रोज असं लिहायची पाळी आली तर कसं वाटतं. आमच्या 'घी जाऊन अभ्यास का' ची कल्पना तिथूनच सुचली!

इतका उशीर का लागतो?

तुम्ही म्हणाल, बाई, चूक कळली तर लगेच सुधारायची ना! आम्ही शुद्धलेखनाची चूक पाच वेळा लिहून लगेच सुधारतो.

खरं आहे. पण लॅपटॉपचं पोट उघडून पाहिलं तर कळेल, आत शेंगदाण्याएवढीही जागा रिकामी नसते. बॅटरी, पंखे, चिपा, कीबोर्ड सगळे एकमेकांना खेटून बसलेले. कीबोर्ड अर्धा मिलिमीटर उंच करायचा तर खालच्या बॅटरीला सरकावं लागतं. बॅटरी सरकली की पंखा अडतो. मग धातूच्या कवचाचं माप बदलतं, कारखान्यातली यंत्रं नव्यानं लावावी लागतात, पुन्हा सगळ्या चाचण्या. बॅटरी वाटेल तेवढी मोठीही करता येत नाही. विमानातून सहज नेता यावी म्हणून ती १०० वॉट-तासांच्या आतच ठेवावी लागते.

दुसरं कारण, सगळं एकाच्या हातात नसतं. त्या काळी मॅकबुक प्रोचा मेंदू, म्हणजे मुख्य चिप, इंटेल ही दुसरी कंपनी बनवत असे. इंटेलच्या नव्या पिढीच्या चिपा काही वर्षं उशिरा आल्या. २०१६ च्या मॅकबुक प्रोत १६ जीबीपेक्षा जास्त मेमरी घालता येत नव्हती, कारण कमी वीज खाणारी नवी मेमरी त्या वेळच्या इंटेलच्या चिपांना चालत नव्हती. ३२ जीबीसाठी जुलै २०१८ उजाडावं लागलं.

आणि तिसरं कारण मला वाटतं ते सांगते. स्वतः काढलेलं चित्र खोडायला जिवावर येतं. वर्गात एखादा मुलगा रांगोळीचे ठिपके चुकवतो. बाजूची मुलगी सांगते, "अरे, एक ठिपका कमी पडलाय." तो ऐकत नाही. कडेनं रेषा वाकवतो, रंग दाट भरतो. शेवटी सगळंच पुसून पुन्हा मांडावं लागतं. पहिल्यांदाच पुसलं असतं तर?

ऑस्बर्न साहेबांची धास्ती

बरं, उशीर होतो तर होऊ दे. पण 'अमक्या महिन्यात नवा येईल' एवढं तरी सांगावं की नाही? माझ्या भावाचा राग यावरच होता. कंपन्या गप्प का बसतात?

यामागे एक जुनी गोष्ट आहे. अॅडम ऑस्बर्न नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचं लहानपण आपल्या भारतात, तमिळनाडूमध्ये गेलं. १९८१ मध्ये त्यांनी अमेरिकेत 'ऑस्बर्न-१' हा उचलून नेता येईल असा संगणक विकायला आणला. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा! तरी तो धडाक्यात खपला. १९८३ मध्ये त्यांनी पुढच्या, जास्त चांगल्या संगणकाची चर्चा आधीच सुरू केली. लोक म्हणाले, मग जुना कशाला घ्या? खप आटला. त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं. बाजारात तगडे स्पर्धकही आले होते, म्हणजे कारण हे एकच नव्हतं. पण तेव्हापासून या प्रकाराला 'ऑस्बर्न परिणाम' असं नावच पडलं. कंपन्या त्याची अजून धास्ती घेतात. ऑस्बर्न साहेब पुढे भारतात परतले आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारले.

म्हणजे दुकानदाराचं गप्प बसणं त्याच्या बाजूनं बरोबर, आणि गिऱ्हाइकाचं वैतागणंही बरोबर. जगात अशी भांडणं असतात बरं का!

जाड झाला, तरी टाळ्या

अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये अॅपलनं नव्या मोठ्या मॅकबुक प्रोमध्ये फुलपाखरू सोडून पुन्हा कात्रीचा कीबोर्ड आणला. बटण आता पूर्ण एक मिलिमीटर खाली जाऊ लागलं. मे २०२० पर्यंत बाकीच्या लॅपटॉपमध्येही तोच आला. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पूर्ण नवा आराखडा आला. तोवर अॅपल स्वतः आखलेल्या चिपा वापरू लागली होती, त्यामुळे इंटेलसाठी थांबणं संपलं होतं. कार्डाची खाच परत आली, एचडीएमआय परत आलं, चुंबकाची वायरही परत आली.

आणि जाडी? १६.८ मिलिमीटर! पाच वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपहून जाड आणि वजनदारसुद्धा. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. कामाच्या माणसाला काय हवं होतं, ते त्यात होतं. २०२२ मध्ये कोर्टातल्या त्या दाव्यात, आपला दोष मान्य न करता, कंपनीनं ५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

पण मुलांनो, 'लवकर बदला' एवढंच म्हणून भागत नाही. थिंकपॅड नावाचा काळा लॅपटॉप १९९२ पासून आहे. त्याच्या कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपका असतो. २०१२ च्या सुमारास त्याच्या बटणांच्या सात ओळींच्या सहा केल्या, तर जुने वापरणारे रुसले. २०१७ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसाला कंपनीनं सात ओळींचा खास लॅपटॉप काढला! तिथं लोक बदल झाला म्हणून नाराज होते. म्हणजे काय बदलायचं आणि काय ठेवायचं, हे वापरणाऱ्यालाच विचारायला हवं. तिथं घाई कामाची नाही आणि चालढकलही नाही.

तुम्ही काय कराल?

या आठवड्यात एक काम करा. घरातली रोजच्या कामाची एक वस्तू निवडा. विळी, सायकल, शिलाई मशीन, काहीही. मग ती जो रोज वापरतो त्याला दोन प्रश्न विचारा. यात काय बदलायला हवं? आणि काय मुळीच बदलायला नको? तुम्हाला काय वाटतं ते आधी एका कागदावर लिहून ठेवा, आणि नंतर उत्तराशी ताडून पाहा. माझ्या वर्गात हा खेळ केला, तेव्हा निम्म्या मुलांनी 'विळी चकचकीत हवी' असं लिहिलं होतं. एका मुलीच्या आजीनं मात्र सांगितलं, "पाट थोडा उंच कर बाई, गुडघे दुखतात." हे कुणालाच सुचलं नव्हतं.

पालकहो, मुलं विचारायला आली की कामात असलात तरी दोन मिनिटं द्या. उद्या यांतलाच कुणीतरी कुणाच्या तरी पोटापाण्याचं हत्यार बनवणार आहे.

आणि माझा भाऊ? त्यानं आता नियम केलाय. अफवा ऐकून थांबायचं नाही. काम अडलं की बाजारात जे चांगलं असेल ते घ्यायचं, आणि त्यावर चार-पाच वर्षं मन लावून काम करायचं. परवा म्हणाला, "ताई, नवीन येणार आहे म्हणतात."

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो हसला आणि कामाला लागला.