क्रियापद आणि त्याचे सोबती

आपल्या निवासी शाळेचा दिवस वंदनेने सुरू होतो. त्रिसरण म्हणताना मुले 'गच्छामि' हा पाली शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतात. या एका शब्दात जाण्याची क्रिया आहे आणि 'मी' हा कर्ताही आहे. शेवटचा 'मि' ही त्याचीच खूण. 'बुद्धं' या शब्दावरचा अनुस्वार कोणाकडे जायचे ते सांगतो. हाच आशय इंग्रजीत मांडायचा तर कर्त्यासाठी 'आय', दिशेसाठी 'टू' आणि हेतूसाठी 'फॉर' असे तीन शब्द वेगळे घ्यावे लागतात : 'आय गो टू द बुद्ध फॉर रेफ्यूज'. पालीने प्रत्ययांत साठवलेला अर्थ इंग्रजी सुट्या शब्दांत आणि त्यांच्या जागांत ठेवते. आपल्या मुलांना इंग्रजी वाक्य अवघड जाते, त्याचे मूळ पुष्कळसे या फरकात आहे.

मी इतिहासाचा शिक्षक. व्याकरण हा माझा प्रांत नव्हे. परंतु वसतिगृहातील रात्रीच्या अभ्यासाला विषयांच्या भिंती नसतात. तेथे वह्या चाळताना वर्षानुवर्षे त्याच चुका दिसतात : 'एक्सप्लेन मी', 'ही सेड मी', 'वुई रीच्ड टू वणी'. मुले मग खिन्न होऊन म्हणतात, "सर, इंग्रजी आपल्या घरातले नाही, ते आपल्याला येणार नाही." ही समजूत चुकीची आहे. या चुकांमागे बुद्धीची उणीव नसून मातृभाषेचा एक पक्का नियम आहे.

आपल्या वऱ्हाडीत मुलगा म्हणतो, 'मले दे', 'मले सांग', 'मले समजावून सांग', 'वणीले पोचलो'. प्रमाण मराठीत 'ले'च्या जागी 'ला' येतो, एवढाच भेद. क्रियापदे चार, प्रत्यय एकच. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापद आपला सोबती स्वतः निवडते. 'गिव्ह', 'टेल' आणि 'आस्क' यांना सर्वनाम थेट चालते : 'गिव्ह मी', 'टेल मी', 'आस्क मी'. 'से' आणि 'एक्सप्लेन' यांना मध्ये 'टू' लागतो : 'ही सेड टू मी', 'एक्सप्लेन इट टू मी'. 'कम' म्हटले की 'वुई केम टू वणी'. पण 'रीच' म्हटले की 'वुई रीच्ड वणी', तेथे 'टू' नको.

मराठीतही क्रियापदाची मर्जी चालतेच. आपण 'माझी वाट पाहा', 'माझे ऐक', 'माझ्याशी बोल' असे म्हणतो. इंग्रजीत त्यांची रूपे 'वेट फॉर मी', 'लिसन टू मी', 'टॉक टू मी' अशी होतात. उलट 'विषयावर चर्चा केली' यातील 'वर' मनात ठेवून मुले 'डिस्कस्ड ऑन द सब्जेक्ट' लिहितात. तेथे 'डिस्कस्ड द सब्जेक्ट' एवढेच पुरे. म्हणून इंग्रजी क्रियापद एकटे पाठ करण्यात अर्थ नाही. वहीत 'वेट म्हणजे वाट पाहणे' असे न लिहिता 'वेट फॉर समवन' असे लिहावे. सोबत्यासह शिकलेले क्रियापद सहसा दगा देत नाही.

दुसरी अडचण जागेची. 'मला पुस्तक दे', 'पुस्तक मला दे', 'दे मला पुस्तक' ही तिन्ही वाक्ये मराठीत चालतात, कारण 'ला' हा प्रत्यय घेणाऱ्याची ओळख सांभाळतो. इंग्रजीत विभक्तीचे हे काम बव्हंशी जागा करते. 'गिव्ह मी द बुक' आणि 'गिव्ह द बुक टू मी' ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. पण पुस्तकाऐवजी 'इट' आले की 'गिव्ह इट टू मी' हेच रूप विद्यार्थ्याने धरून ठेवावे.

'स्विच ऑफ'सारख्या जोडक्रियापदांतही हाच प्रश्न येतो. 'स्विच ऑफ द फॅन' आणि 'स्विच द फॅन ऑफ' दोन्ही बरोबर. पंख्याचे नाव गाळून सर्वनाम घेतले तर मात्र 'स्विच इट ऑफ' असेच म्हणावे लागते. 'स्विच ऑफ इट' चालत नाही. सर्वनाम हलके असते आणि आधीच ठाऊक असलेल्या वस्तूकडे बोट दाखवते, तर इंग्रजी वाक्य आपली शेवटची जागा बहुधा नव्या किंवा वजनदार शब्दासाठी राखते. म्हणून 'इट' आत सरकते. 'लुक आफ्टर हिम' यात तसे होत नाही, कारण येथे 'आफ्टर' पुढच्या शब्दाला धरून असलेले प्रिपोझिशन आहे. पारख सोपी आहे. 'लुक द चाइल्ड आफ्टर' असे म्हणता येत नाही. तेव्हा सर्वनामही 'आफ्टर'च्या पुढेच राहणार.

या नियमांचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण आपण परिपाठात रोज वाचतो, ते म्हणजे संविधानाची उद्देशिका. तिच्या इंग्रजी पाठात 'सिक्युअर' या क्रियापदाला 'टू ऑल इट्स सिटिझन्स' अशी जोड आहे. एरवी 'सिक्युअर' म्हणजे मिळवणे किंवा सुरक्षित करणे. 'टू' जोडल्यावर त्याचा अर्थ 'प्राप्त करून देणे' असा होतो. मराठी पाठात हे काम 'नागरिकांस' यातील 'स' करतो. न्याय, स्वातंत्र्य आणि समता अशा रीतीने नागरिकांपर्यंत पोहोचवायच्या आहेत. बंधुतेपाशी येताच मात्र प्रिपोझिशन बदलते. तेथे 'प्रमोट' या क्रियापदासोबत 'अमंग देम ऑल' आहे. मराठीत 'त्या सर्वांमध्ये'. बंधुता कोणाच्या हाती देता येत नाही, ती माणसामाणसांमध्ये वाढवावी लागते. उद्दिष्टांच्या ठरावात बंधुतेचा उल्लेख नव्हता. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तो उद्देशिकेत आणला. बंधुतेविना समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या थरापेक्षा खोल जाणार नाहीत, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला होता.

उद्देशिकेच्या शेवटी 'गिव्ह टू अवरसेल्व्ज' हे शब्द येतात. १९३५ चा भारत सरकार कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला. देणारे ते आणि घेणारे आपण. त्याहून जुन्या काळी ज्या ग्रंथाने आमच्या पूर्वजांवर नियम लादले, त्या मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले. 'अवरसेल्व्ज' या सर्वनामात देणारा आणि घेणारा प्रथमच एक झाले. मराठी पाठात त्याचे रूप 'स्वतःप्रत अर्पण' असे आहे. हा 'प्रत' म्हणजेच तो 'टू'. इंग्रजीत 'टू अवरसेल्व्ज' आधी घेऊन 'कॉन्स्टिट्यूशन' हा शब्द अखेरीस ठेवला आहे. वजनदार शब्दाला शेवटची जागा, हा वर सांगितलेला नियम येथेही दिसतो.

अशी भाषा एका दिवसात येत नाही. सुभेदार रामजींनी लहानग्या भीमरावांकडून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला कसून करवून घेतल्या होत्या. मराठी वाक्य इंग्रजीत न्यायचे, 'ला', 'शी', 'वर' यांच्या जागी नेमके काय येते ते पाहायचे, आणि चुकले की पुन्हा करायचे, हाच त्या अभ्यासाचा गाभा. ते घरही इंग्रजी बोलणाऱ्यांचे नव्हते.

आपल्या वसतिगृहातही हे करता येईल. रोज रात्री पाच क्रियापदे घ्यावीत. प्रत्येकाचे वाक्य आधी घरच्या बोलीत, मग प्रमाण मराठीत आणि शेवटी इंग्रजीत लिहावे. सोबती शब्दाखाली रेघ ओढावी. ज्यांच्या घरी गोंडी किंवा कोलामी बोलतात, त्यांनी आरंभ तेथून करावा. आपली बोली शिकण्याच्या आड येत नाही. तुलना करण्यासाठी तीच पहिली मोजपट्टी आहे. वाढत्या वयाबरोबर ही मुले अर्ज लिहितील, मुलाखती देतील, न्यायालयात आणि सभागृहात बोलतील. त्या वेळी 'टू' कोठे येतो आणि कोठे येत नाही, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. ज्या उद्देशिकेने त्यांना हक्क दिले, ती दोन्ही भाषांत समजून वाचण्याचा हक्कही त्यांचाच आहे.

भवतु सब्ब मंगलं.