होळकर एकटे का पडले?

तुळजापुराहून उत्तरेला बीड जिल्हा ओलांडला की जालना जिल्हा लागतो. तिथे असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे मोठी लढाई झाली. एका बाजूला इंग्रज. दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले. इंदूरचे यशवंतराव होळकर मात्र आले नाहीत. ते अलिप्त राहिले. अलिप्त म्हणजे बाजूला.

हा धडा आम्ही शिकवत असू, तेव्हा मुले विचारीत, "होळकर भ्याले काय, गुरुजी?"

मुळीच नाही. १८०२ साली त्यांनीच हडपसरला शिंदे व पेशवे यांच्या फौजा हरवल्या होत्या. कारण निराळे होते. १७९७ साली शिंद्यांच्या फौजेने त्यांचे भाऊ मल्हारराव यांना मारले. १८०१ साली दुसऱ्या बाजीराव पेशव्याने दुसरे भाऊ विठोजी यांना हत्तीच्या पायी दिले. राग खरा होता. अशा शिंद्यांच्या मदतीला जायचे कसे?

पण हडपसरला हरलेला बाजीराव इंग्रजांकडे पळाला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईला तह केला. इंग्रजांची फौज ठेवायची, तिचा खर्च द्यायचा, त्यांना विचारल्याशिवाय कोणाशी लढायचे नाही. म्हणजे नावाला धनी आपण, कारभार दुसऱ्याचा! शिंदे-भोसले लढले ते यासाठीच.

ते हरले. डिसेंबर १८०३ मध्ये दोघांनीही तह केले. आता इंग्रजांसमोर होळकर एकटेच उरले. १८०४ साली त्यांना लढावेच लागले. ते शर्थीने लढले. कर्नल मॉन्सनच्या फौजेला त्यांनी पार आग्र्यापर्यंत पळवले. भरतपूरच्या जाट राजाने त्यांना साथ दिली. १८०५ साली इंग्रजांनी त्या किल्ल्यावर चार हल्ले केले, पण किल्ला पडला नाही. तरी पुढे त्या राजानेही तह केला. होळकर मदत मागत पंजाबापर्यंत गेले. मदत मिळाली नाही. २४ डिसेंबर १८०५ रोजी त्यांनीही तह केला. १८१८ साली पेशवाई बुडाली.

तिघे एकत्र असते तर जिंकलेच असते, असे आम्ही म्हणत नाही. पण इंग्रजांना एकेकाला गाठता आले, एवढे खरे.

बांधावरून भांडण असले, तरी शेजाऱ्याची कडब्याची गंज पेटली की आपण घागर घेऊन धावतो. वारा आपल्याकडे वळायची वाट पाहत नाही. बांधाचा निवाडा मग करता येतो.