पाहुणे येण्याआधी घर आवरताना

गेल्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधीची गोष्ट. माझ्या एका मैत्रिणीकडे तिच्या मोठ्या नणंदबाई सहकुटुंब राहायला येणार होत्या. गाडी दुपारी पोहोचणार होती. आदल्या रात्री एक वाजेपर्यंत चकल्या तळून झाल्या, सकाळी उठून तिने न्हाणीघर आणि संडास घासायला घेतले. फरशीवरचे पिवळे डाग काही केल्या निघेनात. मग तिने संडासात ओतायच्या अॅसिडवर वरून ब्लीचिंग पावडर टाकली. दोन्ही एकत्र केल्यावर डाग लवकर जातील, असा तिचा साधा हिशेब. दार लावलेले, खिडकी इवलीशी. मिनिटभरातच डोळ्यांतून धारा लागल्या, घसा आवळला, खोकल्याची उबळ थांबेना. सासूबाईंनी दार ढकलून तिला ओढून बाहेर काढले म्हणून निभावले. नणंदबाई घरी पोहोचल्या तेव्हा घर चकचकीत होते, पण घराची मालकीण दवाखान्यात ऑक्सिजन घेत होती.

नणंदबाईंनी घर पाहिलेच नाही. पिशव्या दारात टाकून त्या तशाच दवाखान्यात गेल्या आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे, "अगं वेडे, मी तुला भेटायला आले की तुझा संडास बघायला?"

थोड्याफार फरकाने आपल्यापैकी अनेकींचे असेच होते. पाहुणे येणार म्हटले की वर्षभराची साफसफाई दोन दिवसांत उरकायची घाई होते. सोफ्यावरचे कपडे कपाटात कोंबले जातात, टेबलावरचे कागद पिशवीत घालून माळ्यावर जातात. पाहुणे आले की आपण दमून गेलेल्या असतो, आणि पाहुणे गेले की महिनाभर वस्तू सापडत नाहीत. घर नीटनेटके हवे यात शंका नाही. मात्र त्याची रीत थोडी बदलली, तर श्रम, पैसा आणि कधीकधी जीवही वाचतो.

आधी पसारा, मग धूळ

सफाईला सुरुवात करताना बहुतेकजणी आधी फडके हातात घेतात. वस्तू उचलायची, खालची धूळ पुसायची, वस्तू पुन्हा तिथेच ठेवायची. नको असलेल्या वस्तूही आपण दरवर्षी अशाच पुसत राहतो. म्हणून आधी वस्तू कमी करा. जितक्या वस्तू कमी, तितके पुसायचे काम कमी.

पाहुणे यायला आठ-दहा दिवस असतील, तर रोज एकच कोपरा घ्या. आज स्वयंपाकघरातले एक फडताळ, उद्या मुलांचे कपाट, परवा चपलांचा रॅक. अख्खे घर एकदम उपसू नका. उपसायला एक तास लागतो, पण लावायला दिवस पुरत नाही, आणि संध्याकाळी स्वयंपाकाला वाट उरत नाही.

प्रत्येक कोपऱ्यातल्या वस्तूंचे चार ढीग करा. रोज लागणाऱ्या, कधीतरी पण नक्की लागणाऱ्या, दुसऱ्याला उपयोगी पडतील अशा, आणि टाकायच्या. आइस्क्रीमचे रिकामे डबे, झाकण हरवलेल्या बरण्या, एकाच पायातला मोजा, बंद पडलेली मिक्सरची भांडी यांना कोणत्या ढिगात टाकायचे, हे तुम्हाला मनातून ठाऊकच असते. "असू दे, कधीतरी लागेल" हे वाक्य आड येते. अशा वेळी एक प्रश्न विचारा, "हे आज हरवले, तर मी ते पुन्हा विकत आणीन का?" उत्तर नाही असेल, तर त्या वस्तूची जागा घराबाहेर आहे.

दुसऱ्याला द्यायचे कपडे धुऊन, बटणे लावून द्या. काही गावांत अजूनही बोहारीण दारावर येते आणि जुन्या कपड्यांवर भांडे देते. ती येत नसेल, तर घरकामाला येणाऱ्या बाईंना आधी विचारा, "यातलं काही उपयोगी आहे का?" फाटके, डागाळलेले गाठोडे न विचारता हातात ठेवणे म्हणजे देणे नव्हे, आपला कचरा दुसऱ्याच्या घरी पाठवणे आहे.

वस्तू कोणाची, निर्णय कोणाचा?

पसारा काढताना घरात सर्वांत जास्त भांडणे होतात ती इथे. शेजारच्या घरातला प्रसंग सांगते. सूनबाईंनी पलंगाखालची जुनी ट्रंक उघडली. आत सासऱ्यांचा लोकरीचा कोट, बंद पडलेले घड्याळ, चष्म्याची रिकामी डबी. सासरे जाऊन सहा वर्षे झालेली. पाहुण्यांच्या बॅगा ठेवायला जागा हवी होती. तिने सगळे भंगारवाल्याच्या पोत्यात घातले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, पण रात्री जेवल्याही नाहीत. सकाळी पोते उघडून पाहते तो चष्म्याची डबी नाहीशी. ती सासूबाईंच्या उशीखाली होती.

सूनबाई शहाणी होती. तिने पोते तसेच बाजूला ठेवले आणि सासूबाईंजवळ जाऊन बसली. "आई, चुकलंच माझं. यातलं काय ठेवायचं ते तुम्हीच सांगा." सासूबाईंनी घड्याळ आणि डबी ठेवून घेतली. कोट स्वतःहून वॉचमनला दिला. म्हणाल्या, "थंडीत बसतो बिचारा. यांना आवडलं असतं." ट्रंक रिकामी झाली आणि कोणाचे मनही दुखावले नाही.

नियम साधा आहे. ज्याची वस्तू, त्याचा निर्णय. आपण फक्त जागा ठरवून द्यावी. "आई, ही एक पेटी तुमची, यात मावेल ते सगळं ठेवा," असे म्हटले की वडीलधारी माणसेही आनंदाने निवड करतात. मुलांचेही तसेच. शाळेतून आल्यावर आपली मोडकी गाडी गायब झालेली पाहून मुलाला जे वाटते, ते आपल्याला न विचारता आपली साडी देऊन टाकल्यासारखेच असते.

रद्दी देण्याआधी

कागदांच्या बाबतीत मात्र घाई बिलकूल करू नका. आमच्या ओळखीतल्या एका घरी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गृहनिर्माण संस्थेचे भाग प्रमाणपत्र रद्दीत गेले. पुढे घर विकायच्या वेळी ते लागले. मग पोलिसांत तक्रार, संस्थेकडे अर्ज, हमीपत्र अशा खेपा घालण्यात कित्येक महिने गेले. रद्दीचे पैसे मिळाले होते जेमतेम शंभर रुपये.

घराचे खरेदीखत, संस्थेचे भाग प्रमाणपत्र, जन्ममृत्यूचे व विवाहाचे दाखले, शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे, विम्याच्या पॉलिसी, भविष्यनिर्वाह निधीचे कागद आणि शस्त्रक्रिया किंवा मोठ्या आजाराचे अहवाल यांसाठी एकच जाड फाइल किंवा पत्र्याची पेटी करा. ती कुठे आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत हवे. रद्दीवाल्याला गठ्ठा देण्याआधी प्रत्येक वर्तमानपत्र एकदा झटका. बँकेची जुनी पत्रके अखंड न देता फाडून टाका, कारण त्यांवर तुमचा खाते क्रमांक आणि पत्ता असतो.

जुने मोबाइल, चार्जर, बॅटऱ्यांचे सेल रोजच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचऱ्यासाठी आपल्या देशात २०११ मध्ये स्वतंत्र नियम झाले आणि ते २०१२ पासून लागू झाले. पुढे ते अधिक कडक करण्यात आले. अनेक शहरांत पालिका किंवा विक्रेते हा कचरा वेगळा गोळा करतात. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. ते फोडू नका. चुकून फुटलेच, तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर न्या आणि तुकडे झाडूने न झाडता जाड पुठ्ठ्याने गोळा करा.

वरून खाली, आतून बाहेर

पसारा गेला की सफाई निम्म्या वेळात होते. क्रम लक्षात ठेवा. आधी छताची जळमटे, मग पंखे, मग कपाटांचे माथे, मग खिडक्या आणि शेवटी फरशी. हा क्रम चुकला, तर पुसलेल्या फरशीवर पंख्याची धूळ पडते. पंखा पुसताना पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून बाहेर ओढा, धूळ अभ्र्यातच राहते. बटण बंद करायला विसरू नका आणि खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका. भक्कम शिडी घ्या, खाली कोणीतरी धरायला असू द्या.

स्वयंपाकघरातल्या पंख्याचा आणि खिडकीच्या जाळीचा चिकटपणा नुसत्या साबणाने जात नाही. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवा, त्यात फडके बुडवून पुसा. सोडा तेलकटपणा सोडवतो. हातमोजे घाला, नाहीतर बोटांची सालटी निघतात. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र हा सोडा लावू नका, ती काळी पडतात.

तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच आणि मीठ हा आजीचा उपाय आजही उत्तम. चिंचेतल्या आम्लाने वरचा काळा थर निघतो. भांडी लगेच धुऊन कोरडी करा. पण हेच चिंचेचे किंवा लिंबाचे पाणी ओट्यावर सांडू देऊ नका. कडाप्पा, शहाबादी, कोटा हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड आहेत, संगमरवरही चुनखडीपासूनच बनतो. आम्लाने त्यांची चकाकी जाते आणि पांढुरके डाग कायमचे राहतात. अशा फरशीवर अॅसिड टाकणे म्हणजे पैसे खर्चून फरशी खराब करणे.

आता माझ्या मैत्रिणीकडे वळू. ब्लीचिंग पावडर किंवा द्रवरूप ब्लीच आणि संडासाचे अॅसिड एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रवातही ब्लीच मिसळले तर विषारी वाफा निघतात. म्हणून एका वेळी एकच औषध वापरा, भरपूर पाणी ओतून ते वाहून जाऊ द्या, दार-खिडकी उघडी ठेवा. चुकून वायू निघालाच, तर साफ करत बसू नका. लगेच मोकळ्या हवेत या, डोळे पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. सुरुवातीला बरे वाटले तरी काही तासांनी श्वासाचा त्रास वाढू शकतो. अॅसिड शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. पाहुण्यांच्या मुलांना ती बाटली कसली आहे हे माहीत नसते.

पाहुण्यांच्या अंथरुणात ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या आधी काढा. लहान मुले त्या पेपरमिंट समजून तोंडात घालतात. तान्हे बाळ येणार असेल, तर दुलया आणि बाळाला लागणारे कपडे धुऊन, दोन दिवस कडक उन्हात टाकूनच वापरा. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वासानेही फुटतात आणि कावीळ होते.

आणखी एक जागा हमखास राहून जाते. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, फुलदाणी आणि कूलर. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ही भांडी रिकामी करून आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत.

घर सगळ्यांचे, मग काम एकटीचे का?

सफाईच्या दिवसांत घरातली इतर मंडळी वर्तमानपत्र वाचत बसतात आणि पाय वर करून म्हणतात, "हं, झाड इथलं." दोष त्यांचा आहेच, थोडा आपलाही आहे. "मला जमेल तसं तुम्हाला जमणार नाही," असे म्हणून आपणच कामे ओढून घेतो. पंखे आणि माळा पतिराजांकडे, पुस्तके मुलांकडे, डाळी-मसाल्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवणे सासूबाईंकडे, अशी वाटणी कागदावर लिहून भिंतीला लावा. मुलाने पुसलेल्या काचेवर पुसट रेघ राहिली तर राहू द्या. पुन्हा पुसायला धावलात, तर पुढच्या वेळी तो फडके हातात घेणार नाही.

आणि पाहुणे अचानक आले तर?

फोन आला, "अर्ध्या तासात पोहोचतो." अशा वेळी सगळे घर आवरायला जाऊ नका. बैठकीची खोली, न्हाणीघर आणि पिण्याच्या पाण्याची जागा, एवढ्या तीनच जागा पाहा. खोलीतला पसारा एका मोठ्या टोपलीत गोळा करा आणि ती टोपली पाहुणे गेल्यावर त्याच दिवशी रिकामी करा. न्हाणीघरात कोरडी फरशी, नवा साबण, धुतलेला टॉवेल. खिडक्या उघडा. मग तोंड धुऊन, केस नीट करून दोन मिनिटे स्वस्थ बसा. दार उघडणारी बाई हसतमुख असली, तर कोपऱ्यातली धूळ कोणालाच दिसत नाही.

माझी मैत्रीण दोन दिवसांत घरी आली. त्या दिवाळीत फराळाची ताटे नणंदबाईंनी भरली आणि केर त्यांच्या यजमानांनी काढला. यंदाही ती मंडळी येणार आहेत. या वेळी मैत्रिणीने सफाई दसऱ्यापासूनच थोडी थोडी सुरू केली आहे. अॅसिडची बाटली घरात ठेवलेलीच नाही. आणि संडासाच्या फरशीवरचे ते दोन पिवळे डाग? ते अजून आहेत. त्यांच्याकडे पाहून आता दोघी नणंदा-भावजया हसतात.