नळीवरचे नाव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच विज्ञानाच्या तासाला मी परीक्षानळी प्रथम हातात धरली. द्राक्षाच्या रसात निळे द्रावण घालून तापवले की ते विटकरी होते, हे पाहून आमचा वर्ग थक्क झाला होता. पुढे बेळगावातच एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागलो, तेव्हा मधुमेह्याच्या लघवीतील साखर आम्ही जवळपास त्याच रीतीने, बेनेडिक्टच्या द्रावणाने पाहत असू. ती पद्धत आता मागे पडली. नव्या यंत्रांविषयी आपण वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचता. मी बोलणार आहे ते यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वी आपल्या रक्ताचे काय होते, याविषयी.

१९७९ साली मी कामाला लागलो, त्या वेळी काचेची सिरिंज डब्यात उकळून पुन्हा पुन्हा वापरली जाई. रक्त घ्यायचे ते पेनिसिलिनच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत. हिमोग्लोबिन पाहण्यासाठी साहलीच्या पिपेटमध्ये २० घनमिलिमीटर रक्त तोंडाने ओढावे लागे, आणि कधी ते जिभेला लागेही. १९८६ साली मद्रासमध्ये एचआयव्हीची लागण झालेल्या व्यक्ती भारतात प्रथमच आढळल्या. त्यानंतर हळूहळू हातमोजे आले, एकदाच वापरून टाकावयाच्या सुया आल्या, तोंडाने पिपेट ओढणे बंद झाले. १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्याचे नियमही झाले. हा बदल आम्हां मंडळींनी बराचसा भीतीपोटी केला, हे कबूल केले पाहिजे.

आता रक्त निर्वात नळीत घेतात. नळीतील पोकळीच हवे तेवढे रक्त ओढून घेते. टोपणांचे रंग शोभेसाठी नसतात. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए या द्रव्याचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. तो रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही आणि पेशी मोजता येतात. लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठू देतात व वर येणारे सीरम तपासतात. समजा, लाल नळीत रक्त कमी पडले आणि कोणी जांभळीतले थोडे तीत ओतले, तर यंत्र पोटॅशियम भयंकर वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दाखवील. यंत्राचे काही चुकलेले नसते, पण धडधाकट माणसावर हृदय बंद पडण्याच्या भीतीने उपचार सुरू होऊ शकतात. म्हणूनच नळ्या भरण्याचा क्रमही ठरलेला आहे: फिकट निळी आधी, मग लाल, हिरवी, जांभळी आणि शेवटी करडी.

करडी नळी साखरेसाठी. रक्त शरीराबाहेर आले तरी त्यातील पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. सकाळी १४० असलेली साखर तीन तासांनी ११५ च्या आसपास येऊ शकते, आणि मधुमेही माणूस मधुमेह नाही असे ठरून घरी जातो. करड्या नळीतील फ्लोराइड हे खाणे थांबवते, परंतु त्यालाही एकदोन तास लागतात. खानापूर, चंदगडसारख्या ठिकाणी सकाळी घेतलेले रक्त दुपारच्या मोटारीने शहरात येते, तेव्हा त्यासोबत बर्फ होता का, पेशी वेळीच वेगळ्या केल्या होत्या का, हे पाहावेच लागते.

उपाशीपोटी येण्याविषयीही एक सांगतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीला उपास लागत नाही. कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या तपासणीलाही तो दर वेळी आवश्यक नाही, असे युरोपातील तज्ज्ञांनी २०१६ साली जाहीर केले. तरी आमचे वडीलधारे चहा न घेता येतात आणि रांग लांबली की आम्हांवरच रागावतात!

इटलीतील पादुआच्या एका प्रयोगशाळेने १९९७ साली आपल्याच चुकांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांतील ६८ टक्क्यांहून अधिक चुका प्रत्यक्ष तपासणीपूर्वीच्या टप्प्यात घडलेल्या होत्या. तो निबंध वाचताना मला माझी चूक आठवली.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी स्त्रियांच्या विभागात एकाच नावाच्या, पाटील आडनावाच्याच, दोन बाया होत्या. दोघींनाही रक्त द्यावयाचे होते. वेळ वाचावा म्हणून मी बाटल्यांवर नावे आधीच लिहून नेली. खाटेपाशी जाऊन, "तुम्ही पाटीलबाई ना?" असे विचारले. तापाने ग्लानीत असलेल्या बाईने मान हलवली. ती दुसरी पाटील होती. तिच्या रक्ताचा गट ए निघाला, जुळणीही बिनचूक झाली, आणि ए गटाची बाटली ओ गटाच्या बाईसाठी तयार झाली. ओ गटाच्या रक्तात ए पेशींचा नाश करणारी द्रव्ये असतात. ती बाटली चढवली असती, तर पेशी फुटून मूत्रपिंडे निकामी झाली असती, कदाचित जीवही गेला असता. जुळणीने आम्हांला सावध केले नाही, कारण तिच्यापुरते सगळे बरोबरच होते. सुदैवाने त्या बाईच्या पिशवीत आधीच्या बाळंतपणाचे कार्ड होते आणि आमच्या वडीलधाऱ्या तंत्रज्ञांनी ते उघडून पाहिले. त्यांनी मला बाजूला घेतले, बाटल्या मोरीत ओतल्या आणि म्हणाले, "चल, परत रक्त घे. आता तिला विचार, तुझे नाव काय."

आज हाच नियम आहे. रुग्णाला नाव सुचवायचे नाही, त्याच्याकडून वदवून घ्यावयाचे, सोबत जन्मतारीख वा नोंदणी क्रमांक ताडून पाहावयाचा, आणि चिठ्ठी रक्त घेतल्यावर त्याच्यासमोरच चिकटवावयाची. पट्ट्यांच्या संकेतचिन्हांनी अक्षरांचा घोळ संपवला, परंतु दंड कोणाचा आहे, हे त्या पट्ट्यांना कळत नाही. गट प्रथमच तपासला जात असेल, तर अनेक ठिकाणी वेगळ्या वेळी दुसरा नमुनाही घेतात.

मागच्या महिन्यात मी स्वतः रक्त द्यायला गेलो. रक्त घेणारी मुलगी आमच्याच गल्लीतली, लहानपणापासून मला काका म्हणणारी. दंडाला पट्टा बांधण्याआधी तिने विचारले, "काका, आपले पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा." मी सांगितली.