वेळेवर दिलेला धक्का

नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका देणाऱ्या मुलीने भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते. तरी झोका मागे येऊन क्षणभर थबकला की नेमका तेव्हाच तिचा हात पुढे जातो. झोका अंगावर येत असताना ढकलले, तर त्याची गती मोडते आणि हाताला हिसका बसतो, हे तिला ठाऊक असते. वेळ साधून दिलेल्या दहा-बारा हलक्या धक्क्यांनी तिच्याहून जड माणूसही उंच जातो. पुस्तकात ज्याला अनुनाद म्हणतात, तो हाच.

प्रत्येक दोलकाला त्याची स्वतःची लय असते. दोरी एक मीटरची असेल तर एका येरझारीला सुमारे 2 सेकंद लागतात, चार मीटरची असेल तर सुमारे 4 सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. वर लहान मूल बसो की थोराड माणूस, या वेळेत फारसा फरक पडत नाही. बाहेरचे धक्के या लयीशी जुळले की प्रत्येक धक्क्याची ऊर्जा आधीच्या ऊर्जेत मिळत जाते आणि झोका चढत जातो. हवेच्या आणि दोरीच्या घर्षणात जाणारी ऊर्जा धक्क्याइतकी झाली की तो त्या उंचीवर स्थिरावतो. लय चुकली, की एक धक्का देतो ते दुसरा काढून घेतो.

1831 साली मँचेस्टरजवळचा ब्रॉटनचा झुलता पूल 74 सैनिकांच्या कदमतालाने हेलकावू लागला आणि कोसळला. त्यानंतर पुलावरून जाताना कदमताल मोडण्याचा आदेश ब्रिटिश सैन्यात निघाला.

याहून मोठा धडा मेक्सिको सिटीने दिला. 19 सप्टेंबर 1985 च्या भूकंपाचे केंद्र शहरापासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटर दूर, पॅसिफिकच्या किनाऱ्याजवळ होते. पण शहराचा मोठा भाग जुन्या तलावाच्या मऊ गाळावर वसलेला आहे. तो गाळ सुमारे दोन सेकंदांच्या लयीत डोलू लागला. मध्यम उंचीच्या, साधारण सहा ते पंधरा मजली इमारतींची लय तिच्या जवळ आली आणि सर्वाधिक पडझड त्यांचीच झाली. बुटकी घरे बरीचशी वाचली. 44 मजली तोरे लातिनोअमेरिकाना मनोराही उभा राहिला. म्हणून इमारत बांधताना तिच्या मजबुतीबरोबर खालच्या जमिनीची लयही तपासावी लागते.

इतका मोठा विषय वर्गात मात्र बहुधा सूत्रापासूनच सुरू होतो. शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे, आधी दोन खुर्च्यांमध्ये एक दोरी जराशी सैल बांधा. तिला तीन दोरे लटकवून टोकांना सारखे खडे बांधा. दोन दोरे एकाच लांबीचे आणि तिसरा बराच आखूड ठेवा. लांब दोऱ्यांपैकी एकाचा खडा झुलवा आणि मुलांना नुसते पाहू द्या. आखूड दोऱ्याचा खडा जेमतेम हलेल. समान लांबीचा खडा मात्र कुणी हात न लावता झुलू लागेल, आणि तो भरात आला की पहिला जवळजवळ थांबेल. मुले ‘असे का?’ म्हणून विचारतील. सूत्र फळ्यावर लिहायची खरी वेळ ती.